चेंबर्स डिक्शनरीतले रॉबर्ट चेंबर्स: गावांच्या आठवणी जपणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव चाळीस वर्षं लपून राहिलं

आपल्याकडच्या अनेक घरांत, शाळांत आणि वाचनालयांत एकेकाळी चेंबर्सची जाडजूड इंग्रजी डिक्शनरी असायची. ती काढणाऱ्या कंपनीचं नाव डब्ल्यू. अँड आर. चेंबर्स. यातले डब्ल्यू म्हणजे विल्यम आणि आर म्हणजे रॉबर्ट. हे दोघे सख्खे भाऊ, स्कॉटलंडमधल्या एका लहान गावातले. विल्यम थोरले, रॉबर्ट धाकटे.

डिक्शनरीमुळे आडनाव जगभर पोहोचलं, पण रॉबर्ट यांचं खरं काम वेगळंच होतं. आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका अशा देशांतून असंख्य लोक आपले पूर्वज शोधत स्कॉटलंडला येतात. सरकारी नोंदींत त्यांना जन्म, लग्न आणि मृत्यूच्या तारखा मिळतात. पण खापरपणजोबा राहायचे तो बोळ कसा होता, शेजारी कोण होतं, संध्याकाळी लोक काय करायचे, हे नोंदवहीत नसतं. ते कळतं ज्या पुस्तकांमधून, त्यांतली काही महत्त्वाची पुस्तकं रॉबर्ट चेंबर्स यांनी लिहिली.

आणि याच माणसाने आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. असं का झालं, ते समजून घेण्यासाठी पीबल्सपासून सुरुवात करावी लागेल.

सहा बोटांचे दोन भाऊ

पीबल्स हे एडिनबराच्या दक्षिणेला सुमारे ३५ किलोमीटरवर, ट्वीड नदीच्या काठी वसलेलं गाव. रॉबर्टचा जन्म इथे १० जुलै १८०२ रोजी झाला. विल्यम दोन वर्षांनी मोठा. वडील जेम्स चेंबर्स यांचा कापडाचा धंदा होता. हातमागवाल्यांना सूत द्यायचं आणि त्यांच्याकडून कापड विणून घ्यायचं, असं त्याचं स्वरूप होतं.

दोन्ही भावांना जन्मतःच प्रत्येक हाताला आणि पायाला सहा-सहा बोटं होती. जास्तीची बोटं शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. विल्यमच्या बाबतीत सगळं नीट पार पडलं, पण रॉबर्टच्या पायांची शस्त्रक्रिया बिघडली. तो बरीच वर्षं लंगडत चालायचा. बाकीची पोरं नदीवर आणि टेकड्यांवर हुंदडत असताना तो घरात पुस्तक घेऊन बसायचा.

पुस्तकं मिळण्याचीही सोय होती. गावात पुस्तकांचं दुकान आणि त्याला जोडून भाड्याने पुस्तकं देणारं छोटं वाचनालय होतं. वडिलांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड विकत घेतले होते. घरात जागा नव्हती म्हणून ते माळ्यावरच्या पेटीत पडून होते. एक दिवस रॉबर्टला ते सापडले. आकाशातल्या ग्रहांपासून जमिनीखालच्या दगडांपर्यंत सगळ्याची माहिती एका पेटीत. त्या पेटीने आपल्याला घडवलं, असं ते पुढे मान्य करत.

दुसरी शाळा म्हणजे गावातली माणसं. टॅम फ्लेक नावाच्या एका गावकऱ्याची गोष्ट चेंबर्स बंधूंच्या आठवणींत आहे. या टॅमकडे जोसेफस या प्राचीन इतिहासकाराच्या ग्रंथाची एक जुनी प्रत होती. तो रोज संध्याकाळी ती काखेत मारून घरोघर जायचा आणि चुलीच्या उजेडात दोन-तीन पानं वाचून दाखवायचा. लोक त्याला आज काय खबर म्हणून विचारायचे आणि तो जेरुसलेमच्या वेढ्याची हकिगत ताजी बातमी असल्यासारखी सांगायचा. अठराशे वर्षांपूर्वीच्या युद्धात पुढे काय होणार, या काळजीने माणसं झोपायला जायची.

लहानपणी हे ऐकलेल्या मुलाला एक गोष्ट पक्की कळली. जुनी गोष्ट नीट सांगितली, तर साध्या माणसालाही ती आपल्या घरातली वाटते.

उधारीने बुडालेलं घर

मग घरावर संकट आलं. यंत्रमाग आले आणि हातमागाचा धंदा बसू लागला. त्यात आणखी एक धक्का बसला.

त्या काळात ब्रिटन आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू होतं. कैद झालेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना स्कॉटलंडमधल्या लहान गावांत ठेवलं जायचं. पळून जाणार नाही असा शब्द दिला की त्यांना गावात मोकळं फिरता यायचं. पीबल्समध्येही असे कैदी होते. जेम्स चेंबर्स यांनी त्यांना उधारीवर कापड दिलं. पुढे या कैद्यांना दुसरीकडे हलवण्यात आलं. जाताना त्यांनी पैसे पाठवण्याचं कबूल केलं, पण ते पैसे आले नाहीत. जेम्स यांचं दिवाळं निघालं आणि १८१३ मध्ये कुटुंबाने एडिनबराची वाट धरली.

शहरातली पहिली वर्षं हलाखीची होती. रॉबर्टने चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावं अशी घरची इच्छा होती, पण विद्यापीठात शिकवायला पैसे नव्हते. विल्यम एका पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागला. १८१८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, रॉबर्टने लीथ वॉक या रस्त्यावर जुन्या पुस्तकांचं छोटं दुकान मांडलं. भांडवल काय, तर घरातली जुनी पुस्तकं आणि स्वतःची शाळेची पुस्तकं. दुसऱ्याच वर्षी विल्यमनेही जवळच स्वतःचं दुकान थाटलं.

दुकानात गिऱ्हाइकांबरोबर गप्पा होत. त्यांत म्हातारी माणसं असायची. शहर पूर्वी कसं होतं, हे ती सांगायची आणि रॉबर्ट ते टिपून ठेवू लागले.

एडिनबराचे बोळ रिकामे होत होते

या गप्पा टिपून ठेवण्याची निकड का वाटली, हे समजण्यासाठी त्या वेळचं एडिनबरा डोळ्यांपुढे आणायला हवं.

जुनं एडिनबरा एका लांब टेकडीच्या पाठीवर वसलेलं आहे. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला राजवाडा आणि मधोमध मोठा रस्ता. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी अरुंद बोळ खाली उतरतात. जागा कमी, म्हणून घरं उंच होत गेली. एकाच जिन्याच्या इमारतीत मधल्या मजल्यांवर सरदार किंवा न्यायाधीश, तर तळाला आणि अगदी वर कारागीर, दुकानदार, मजूर राहायचे. सगळ्यांचा जिना एकच, त्यामुळे रोज एकमेकांची गाठ पडायची.

१७६७ मध्ये जेम्स क्रेग या तरुण वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार उत्तरेला नवं शहर उभं राहू लागलं. रुंद रस्ते, सरळ रेषेतली घरं, मोकळी हवा. पैसेवाली कुटुंबं एकामागून एक तिकडे निघून गेली. जुन्या वाड्यांत खोल्याखोल्यांत गरीब कुटुंबं दाटीने राहू लागली. १८१७ मध्ये शहराचा जुना तुरुंगही पाडला गेला. त्याचा दरवाजा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी उचलून आपल्या घराला लावला.

इमारती तरी कुठेतरी उभ्या होत्या. पण कोणत्या जिन्यावर कोण राहायचं हे ज्यांना आठवत होतं, ती माणसं सत्तरी-ऐंशीला पोहोचली होती. रॉबर्ट त्यांच्याकडे जाऊ लागले. हे घर कुणाचं होतं, त्या घरातली मुलगी कुठे दिली, त्या खानावळीत कोण जमायचं, असे साधे प्रश्न ते विचारत. शहरात पूर्वी कॅडी नावाचे निरोप्ये असायचे. कोण कुठे राहतो हे त्यांना तोंडपाठ असे. माणसांना वाहून नेणाऱ्या पालखीसारख्या खुर्च्या असायच्या. जादूटोण्याच्या आरोपांनी गाजलेल्या आणि १६७० मध्ये मृत्युदंड झालेल्या मेजर वीअरच्या ओसाड घराबद्दल लोक अजूनही दबक्या आवाजात बोलत. हे सगळं रॉबर्ट यांनी गोळा केलं.

१८२४ मध्ये 'ट्रॅडिशन्स ऑफ एडिनबरा' हे पुस्तक भागाभागांनी निघू लागलं. लेखकाचं वय २२. वॉल्टर स्कॉट तेव्हा देशातले सगळ्यात प्रसिद्ध लेखक होते आणि जुन्या गोष्टींचे भोक्तेही. या पोराला एवढं सगळं कुठून कळलं, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. पण त्यांनी हेवा केला नाही. उलट स्वतःच्या आठवणी लिहून रॉबर्ट यांना पाठवल्या. चार्ल्स कर्कपॅट्रिक शार्प या जुन्या वस्तूंच्या संग्राहकानेही भरपूर मजकूर पुरवला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोठ्या रस्त्यालगतच्या एका बोळात आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. उंच वाडे कोसळले, ट्रॉन चर्चचा मनोरा जळाला, शेकडो कुटुंबं उघड्यावर आली. ज्या घरांच्या गोष्टी रॉबर्ट लिहून ठेवत होते, त्या भागाचा मोठा तुकडा पुस्तक निघत असतानाच राख झाला. आठवणी टिपायला आणखी एखादं वर्ष लागलं असतं, तर बरंच काही कायमचं गेलं असतं.

राजे नाही, घरंदारं

पुढच्या काही वर्षांत रॉबर्ट यांनी कामाचा सपाटा लावला. १८२६ मध्ये त्यांनी मुलांची बडबडगीतं, कोडी आणि गावोगावच्या म्हणी गोळा करून छापल्या. नंतर देशभर हिंडून गावागावांचं वर्णन करणारं 'पिक्चर ऑफ स्कॉटलंड' लिहिलं. १८३२ ते १८३५ या काळात नामवंत स्कॉटिश माणसांचा चार खंडांचा चरित्रकोश तयार केला.

४ फेब्रुवारी १८३२ रोजी विल्यम यांनी 'चेंबर्स एडिनबरा जर्नल' हे साप्ताहिक सुरू केलं. किंमत अवघी दीड पेनी. कारागीर आणि मजूर यांना परवडेल अशा दरात विज्ञान, इतिहास आणि गोष्टी मिळू लागल्या. काही आठवड्यांतच रॉबर्ट संपादनात सहभागी झाले आणि दोन दुकानांची मिळून एक कंपनी झाली. १८४० च्या दशकात साप्ताहिकाचा खप ८० हजारांच्या घरात पोहोचला. या कंपनीची स्वस्त शालेय पुस्तकं भारतातही आली. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८४९ मध्ये बंगालीत छापलेलं 'जीवनचरित' हे चेंबर्स यांच्याच चरित्रसंग्रहावर आधारलेलं होतं.

कवी रॉबर्ट बर्न्स यांचं चरित्र लिहितानाही त्यांनी हीच पद्धत वापरली. बर्न्स यांच्या बहीण इझाबेला तेव्हा हयात होत्या आणि ओढगस्तीत दिवस काढत होत्या. रॉबर्ट त्यांना भेटले, घरातल्या आठवणी विचारून घेतल्या, गावातल्या जुन्या लोकांकडून पडताळून पाहिल्या आणि विक्रीतून आलेल्या पैशांतून त्यांना मदतही मिळवून दिली.

पुढे १८५८ ते १८६१ या काळात 'डोमेस्टिक ॲनल्स ऑफ स्कॉटलंड' हे तीन खंड आले. यात लढाया आणि राजांच्या याद्या बाजूला ठेवून दोनशे वर्षांचं घरगुती जीवन वर्षावार मांडलं आहे. धान्याचे भाव, साथीचे रोग, वादळं, चेटकिणी ठरवलेल्या बायकांवरचे खटले, कुठल्या गावात कोणत्या कारणावरून मारामारी झाली. यासाठी त्यांनी राजाच्या सल्लागार मंडळाची कागदपत्रं, चर्चच्या नोंदी आणि खासगी रोजनिश्या चाळल्या.

इथे त्यांच्या कामाची रीत दिसते. आधी माणसाची आठवण घ्यायची, मग कागद शोधायचा, आणि दोन्ही जुळत नसतील तर तसं सांगायचं. पूर्वज शोधणारे आजही हेच करतात.

चेंबर्स घराण्याचंच उदाहरण पाहा. १२९६ मध्ये इंग्लंडच्या राजाने स्कॉटलंडमधल्या प्रमुख लोकांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या. त्या यादीत विल्यम द ला शॉम्ब्र नावाचा पीबल्सचा एक अधिकारी आहे. आडनाव तेच, गावही तेच. पण या माणसापासून अठराव्या शतकातल्या चेंबर्सपर्यंत पिढ्या जोडणारी साखळी हाती नाही. आडनाव जुळलं म्हणजे नातं सिद्ध झालं, असं होत नाही. वंशावळ शोधताना सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात.

सगळ्या सजीवांचे पूर्वज

१८४० नंतर रॉबर्ट कामाच्या ताणाने थकले होते. ते कुटुंबासह काही वर्षं सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या जुन्या विद्यापीठनगरीत राहायला गेले. तिथे निवांतपणे त्यांनी भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्राचं वाचन केलं आणि एक धाडसी पुस्तक लिहिलं.

आजवर त्यांनी घरांचे आणि गावांचे पूर्वज शोधले होते. आता त्यांनी विचारलं की सगळ्या सजीवांचे पूर्वज कोण? वायूच्या ढगांतून ग्रहतारे बनले, पृथ्वी थंड झाली, साध्या जीवांपासून हळूहळू गुंतागुंतीचे जीव आले आणि याच साखळीच्या टोकाला माणूस आहे, असं या पुस्तकाचं म्हणणं होतं. देवाने नियम घालून दिले आणि त्या नियमांनुसार हे सगळं घडत गेलं, अशी त्याची मांडणी होती. नाव होतं 'व्हेस्टिजेस ऑफ द नॅचरल हिस्टरी ऑफ क्रिएशन', म्हणजे सृष्टीच्या नैसर्गिक इतिहासाच्या खुणा. जन्मापूर्वी वाढीत थोडा बदल झाला तर शरीराची ठेवण बदलू शकते, हा त्यातला एक मुद्दा. सहा बोटं घेऊन जन्मलेल्या माणसाला हा विचार सुचावा, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहताना लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

ऑक्टोबर १८४४ मध्ये पुस्तक लंडनहून प्रकाशित झालं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नव्हतं.

हे गुपित राखण्याची व्यवस्था काटेकोर होती. रॉबर्ट यांचं अक्षर अनेकांच्या ओळखीचं होतं, म्हणून पत्नी ॲन यांनी सगळं हस्तलिखित आपल्या हाताने उतरवून काढलं. ते मँचेस्टरला अलेक्झांडर आयर्लंड या मित्राकडे जायचं आणि तिथून लंडनच्या प्रकाशकाकडे. मुद्रितंही त्याच वाटेने परत यायची. लेखक कोण, हे प्रकाशकालाही सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीला हे माहीत होतं ते ॲन, विल्यम, आयर्लंड आणि आणखी एका मित्राला.

पुस्तकाने खळबळ उडवली. नऊ वर्षांत दहा आवृत्त्या निघाल्या. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी ते राणीला मोठ्याने वाचून दाखवलं. लेखक कोण यावर पैजा लागल्यासारखे तर्क सुरू झाले. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल, कादंबरीकार थॅकरे, गणिती एडा लव्हलेस, खुद्द प्रिन्स अल्बर्ट आणि चार्ल्स डार्विन अशी नावं घेतली गेली.

टीकाही तितकीच जोरात झाली. केंब्रिजचे भूगर्भशास्त्रज्ञ ॲडम सेजविक यांनी लांबलचक लेख लिहून पुस्तक झोडपलं. स्कॉटलंडमध्ये ह्यू मिलर यांनी १८४९ मध्ये त्याच्या विरोधात आख्खं पुस्तक लिहिलं. हे मिलर म्हणजे क्रोमर्टी गावचे पाथरवट. आपल्या गावच्या दंतकथा गोळा करून त्यांनीही पुस्तक केलं होतं आणि चेंबर्स यांच्या साप्ताहिकातही लिहिलं होतं. गावच्या आठवणी जपणारी ही दोन माणसं, पण सजीवांच्या पूर्वजांच्या प्रश्नावर ती समोरासमोर उभी राहिली.

पुस्तकात चुका होत्याच. विजेच्या प्रयोगातून किडे निर्माण झाले, अशा एका दाव्यावर रॉबर्ट यांनी विश्वास ठेवला होता. बदल नेमका कसा घडतो, याचं पटण्यासारखं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते उत्तर १८५९ मध्ये डार्विन यांनी दिलं. पण आधीच्या पुस्तकाने लोकांची मनं या विचारासाठी तयार केली, हे डार्विन यांनीही नोंदवून ठेवलं. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना तर या प्रश्नाचा ध्यास लागला तो हेच पुस्तक वाचून.

नाव का लपवलं?

आज वाटतं, एवढं गाजलेलं पुस्तक आपलंच आहे हे सांगायला काय हरकत होती? पण तेव्हाचा स्कॉटलंड वेगळा होता. १८४३ मध्ये, म्हणजे पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, तिथलं राष्ट्रीय चर्च दुभंगलं. साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळं फ्री चर्च काढलं. धर्माबद्दलच्या भावना अतिशय तापलेल्या होत्या.

चेंबर्स कंपनीची कमाई शाळांच्या पुस्तकांवर आणि धार्मिक वळणाच्या घरांत जाणाऱ्या साप्ताहिकावर अवलंबून होती. धर्मबुडव्या लेखकाची कंपनी असा शिक्का बसला असता, तर धंदा बसायला वेळ लागला नसता. त्यावर भावाचं, कामगारांचं आणि घरातल्या मुलांचं पोट होतं. उधारी बुडाल्याने एका फटक्यात घर कसं रस्त्यावर येतं, हे रॉबर्ट यांनी अकराव्या वर्षी पाहिलं होतं. नाव जाहीर का करत नाही, असं पुढे जावयाने विचारलं तेव्हा त्यांनी घराकडे बोट दाखवलं, असं सांगतात. त्या घरात त्यांची अकरा मुलं होती.

या मौनाची किंमतही त्यांनी मोजली. १८४८ मध्ये एडिनबराच्या लॉर्ड प्रोव्होस्टपदासाठी, म्हणजे महापौरपदासाठी, त्यांचं नाव पुढे आलं. लगेच त्या पुस्तकाचा विषय उकरून काढला गेला. खोटं बोलून नाकारायचं नव्हतं आणि खरं सांगता येत नव्हतं. त्यांनी माघार घेतली. पुढे १८६५ मध्ये विल्यम त्याच पदावर बसले.

रॉबर्ट लिहीतच राहिले. वर्षाच्या प्रत्येक दिवसाशी जोडलेल्या घटना, सण, चालीरीती सांगणाऱ्या 'बुक ऑफ डेज'च्या कामाने त्यांची तब्येत पार ढासळली. त्याच काळात, १८६३ मध्ये, ॲन यांचं निधन झालं. १७ मार्च १८७१ रोजी सेंट अँड्र्यूजमध्ये रॉबर्ट यांनी अखेरचा श्वास घेतला. तिथल्या पडक्या कॅथेड्रलच्या आवारात सेंट रूल मनोऱ्याजवळ त्यांना पुरलं.

दुसऱ्याच वर्षी विल्यम यांनी भावाचं चरित्र प्रसिद्ध केलं. टॅम फ्लेकपासून लीथ वॉकच्या दुकानापर्यंत सगळं त्यात आहे, पण त्या पुस्तकाचं लेखकत्व मात्र उघड केलेलं नाही. विल्यम १८८३ मध्ये गेले. त्यानंतर १८८४ मध्ये, गुपित जपणाऱ्यांपैकी उरलेल्या आयर्लंड यांनी बारावी आवृत्ती काढली आणि त्यात रॉबर्ट चेंबर्स हे नाव पहिल्यांदा छापलं. पुस्तक निघाल्याला चाळीस वर्षं झाली होती.

आज पूर्वज शोधणाऱ्यांना याचा काय उपयोग?

स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. पहिल्या वर्षीच्या जन्मनोंदीत तर आईवडिलांचं वय, त्यांची जन्मगावं, लग्न कुठे आणि कधी झालं, आधीची मुलं किती, एवढं सगळं लिहिलेलं असे. एवढं लिहिणं फार जड जाऊ लागल्याने पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. तरीही स्कॉटिश मृत्यूनोंदीत आईवडील दोघांची नावं आणि आईचं माहेरचं आडनाव असतं, त्यामुळे एका कागदावरून मागची पिढी सापडते. दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव १८४१ पासून मिळतं. हे सगळं आता 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं.

१८५५ च्या आधी मात्र चर्चच्या पॅरिश नोंदवह्यांवर अवलंबून राहावं लागतं. त्यातली उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी वही एरल या गावची, १५५३ पासूनची आहे. पण बहुतेक गावांच्या वह्या बऱ्याच उशिरा सुरू होतात आणि मधली पानं गायब असतात. १८४३ च्या फुटीनंतर फ्री चर्चमध्ये गेलेल्या घरांतली मुलं जुन्या पॅरिशच्या वहीत अनेकदा सापडतच नाहीत. नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. ते घर दुसऱ्या चर्चला जात असेल, नोंदणीचे पैसे नसतील किंवा कुणीतरी मुद्दाम नाव सांगितलं नसेल. अशा वेळी शेजारच्या पॅरिशच्या, दुसऱ्या चर्चच्या आणि नगरपालिकेच्या नोंदी उघडाव्या लागतात. तरीही जिथे कागद संपतो, तिथे त्या गावावर लिहिलेली जुनी पुस्तकं कामी येतात.

पीबल्सला गेलात तर विल्यम यांनी १८५९ मध्ये गावाला दिलेली चेंबर्स इन्स्टिट्यूशन ही इमारत आजही दिसते. तिथे गावाचं संग्रहालय आहे. कागदपत्रं पाहायला नंतरही येईल. रॉबर्ट यांनी सुरुवात केली होती ती म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना प्रश्न विचारण्यापासून. तुम्हालाही आपल्या घराचा इतिहास शोधायचा असेल, तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे वही-पेन घेऊन आधी बसा. ते काम पुढच्या वर्षावर टाकू नका.